वाचक विचारतात: ओढा बदलला की माशी बदलते

गेल्या अंकात उत्तर थायलंडच्या डोंगरातल्या भटकंतीवर एक लेख होता, त्यात "ओढ्याकाठी बारीक काळ्या माश्यांनी फोडून काढलं" एवढं एकच वाक्य होतं, आणि पत्रं आली ती सगळी त्याच वाक्यावर. देवळं, कॉफीचे मळे, धबधबे, कशाबद्दल कुणी काही विचारलं नाही. बरीच पत्रं एकमेकांसारखी होती म्हणून पाच निवडलीत.

प्रश्न: आम्ही दोघं फेब्रुवारीत चियांग माईला गेलो होतो, तिथून डोई इन्थानॉनला. एका ओढ्याजवळ निवांत बसून डबा खाल्ला, एकही माशी नाही. पुढे तासाभराने दुसऱ्या ओढ्याच्या वाटेवर बघते तर पोटऱ्यांवर रक्ताचे थेंब, आणि चावताना काही कळलंच नाही. गाईड म्हणाला रिन डाम. या नक्की कोण, आणि एका ओढ्यावर आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत असं कसं?
वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, गाईडने बरोबर सांगितलं. थाई लोक रिन डाम म्हणतात, इंग्रजीत ब्लॅकफ्लाय, शास्त्रात सिम्युलिडी हे कुळ. नावात माशी असली तरी नात्याने ही डासांच्या जवळची आहे. अंगाने दोन ते पाच मिलिमीटर, पाठीला कुबड, पाय आखूड, आणि चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार करायला तिला रक्तातलं प्रोटीन लागतं. नर बिचारे फुलांच्या मधावर जगतात. डास नळी खुपसून थेट शिरेतलं रक्त ओढतो, ही तसं करत नाही. ही कातडी ताणून धरते, दातेरी जबड्यांनी बारीकशी चीर पाडते आणि त्या खड्ड्यात जमलेलं रक्त पिते. लाळेत रक्त गोठू न देणारी, शिरा रुंद करणारी आणि जागा बधिर करणारी द्रव्यं असतात, म्हणून त्या वेळी काही जाणवत नाही, ती उडून गेल्यावरही रक्त येत राहतं आणि खरी खाज सुटते ती नंतर, कधीकधी रात्री अंथरुणात.

आता ओढ्यांचं. लोकांची समजूत अशी असते की काळी माशी म्हणजे एकच काहीतरी, जिथे आहे तिथे चावणारच. तसं अजिबात नाहीये. जगात या कुळातल्या 2,300 पेक्षा जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि एकट्या थायलंडमध्ये शंभराच्या वर. आग्नेय आशियातल्या कितीतरी जातींना हिरोयुकी ताकाओका या जपानी कीटकशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढे पालथे घालून घालून नावं दिली आहेत. आणि या शंभरातल्या माणसाला चावणाऱ्या किती, तर बोटांवर मोजण्याइतक्या. उत्तर थायलंडच्या डोंगरात माणसांच्या मागे लागणारी मुख्य म्हणजे सिम्युलियम नायग्रोगिल्वम. तुमच्या पोटऱ्यांवरची तीच असावी असं मी म्हणेन, पण माशी हातात नसताना पैज लावणार नाही.

मग बाकीच्या काय खातात? काही पक्ष्यांवर जातात, काही गुराढोरांवर, आणि जगात अशाही काही जाती आहेत की त्यांची मादी रक्ताला तोंडच लावत नाही. हे मादीच्या पायाच्या नखावरून बऱ्यापैकी ओळखता येतं बरं का. पक्ष्यांवर जाणाऱ्या जातीत नखाच्या बुडाशी मोठा दात असतो, पिसांमध्ये पकड मिळावी म्हणून, आणि सस्तन प्राण्यांवर जाणाऱ्यांची नखं साधी असतात किंवा त्यावर अगदी बारीक दात असतो. म्हणजे ज्या ओढ्याकाठी तुम्ही डबा खाल्लात तिथल्या पाण्यात हजारो अळ्या असतीलही, पण त्या मोठ्या होऊन एखाद्या पाखराला पिडणाऱ्या असतील तर तुम्हाला त्यांचा पत्ताच लागणार नाही. आणि उलटंही होतं, मादी रक्ताच्या शोधात ओढ्यापासून काही किलोमीटर सहज जाते, म्हणून जिथे चावली तिथेच ती जन्मली असं धरायचं कारण नाही.

खरी गंमत अळीत आहे. पाण्यात लोंबणारं एखादं पान उचलून उन्हात तिरपं धरलं की त्यावर काही मिलिमीटरच्या तपकिरी-करड्या अळ्या दिसतात, मागचा भाग जरा फुगीर, त्या टोकाने चिकटलेल्या आणि डोक्याची बाजू प्रवाहात सोडून दिलेली. चिकटायची पद्धत बघण्यासारखी आहे, अळी तोंडातून रेशमाचा एक ठिपका पानावर थापते आणि मागच्या टोकाला आकड्यांचं जे कडं असतं ते त्या ठिपक्यात रुतवते. डोक्यावर केसाळ काड्यांचे दोन पंखे असतात, ते पाण्यात उघडायचे, वाहत आलेलं बारीक बारीक खाणं त्यात अडकलं की एकेक पंखा मिटून तोंडात पुसून घ्यायचा आणि परत उघडायचा, दिवसभर हेच चालू. धक्का लागला तर रेशमाच्या धाग्यावर खाली वाहत जाते आणि धोका टळला की त्याच धाग्याने परत वर येते.

आता ज्या प्राण्याचं खाणं प्रवाह आणून देतो, त्याच्यासाठी प्रवाह जरा बदलला की सगळंच बदलतं हे उघड आहे. पाण्याचा वेग, ओढ्याची रुंदी, वर झाडांची सावली किती, तळाला दगड आहेत की वाळू, पाणी किती गार, त्यात ऑक्सिजन किती, समुद्रसपाटीपासून उंची किती, या सगळ्यावर कुठली जात राहणार हे ठरतं. डोई इन्थानॉन 2,565 मीटर उंच, थायलंडमधलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे पायथ्याच्या रुंद, उघड्या, कोमट ओढ्यापासून माथ्याजवळच्या शेवाळलेल्या जंगलातल्या वीतभर रुंदीच्या झिऱ्यापर्यंत एकाच डोंगरावर सगळे नमुने मिळतात आणि चढत जाल तशा जातीही बदलत जातात. साधारणपणे मोठ्या उघड्या ओढ्यांत सगळीकडे सापडणाऱ्या, कुठेही जमवून घेणाऱ्या जाती असतात. नखरेवाल्या जाती सावलीतल्या छोट्या ओहोळांत असतात, आणि झाडं तुटली, ऊन थेट पाण्यावर आलं की आधी त्याच जातात.

पंख्यांमध्येसुद्धा हाच हिशोब. जोराच्या पाण्यात राहणाऱ्यांचे पंखे आखूड आणि दणकट, संथ पाण्यातल्यांचे लांब आणि नाजूक. पॅसिफिकमधल्या ताहितीला तर कमाल आहे, तिथे धबधब्याच्या उभ्या कड्यावर पाण्याचा जेमतेम पातळ थर वाहतो तिथे राहणाऱ्या अळ्यांचे पंखे जवळजवळ गेलेलेच आहेत, त्या दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. त्याच महासागरातल्या हवाईत या कुळाची एकही मूळ जात नाही. ओढे तिथेही आहेत, धबधबेही आहेत, फक्त माशी तिथवर पोचलीच नाही.

प्रश्न: माझा मुलगा सैन्यात आहे, सध्या अरुणाचलला. व्हिडिओ कॉलवर त्याचे हात बघितले तर सगळीकडे काळे-लाल ठिपके. म्हणाला इथे डिमडॅम माशी चावते, सगळ्यांनाच असं होतं. नेटवर वाचलं की या माशीने आंधळेपण येतं, तेव्हापासून त्याच्या आईला झोप नाही. खरं आहे का?
वाचक, सातारा तालुका

उत्तर: काका, आधी वहिनींना सांगा की निवांत झोपा. त्या आजाराला रिव्हर ब्लाइंडनेस म्हणतात आणि तो नुसत्या माशीने होत नाही, ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस नावाचा जंत माशीतून अंगात गेला तर होतो. हा जंत माणसांमध्ये पसरतो तो मुख्यतः आफ्रिकेत, 99 टक्क्यांहून जास्त रुग्ण तिथलेच. थोडा भाग येमेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवर यानोमामी आदिवासींच्या जंगलात. अरुणाचलात माशी आहे, पण हा आजार पसरत नाही. आणि जिथे आहे तिथेही एकदोन चाव्यांनी कुणी आंधळं होत नाही, वर्षानुवर्षं चावे खाऊन जंत साठत जातात तेव्हा डोळ्यापर्यंत प्रकरण जातं.

डिमडॅम हे आसाम-अरुणाचलकडचं सिम्युलियम माश्यांचंच नाव, चहाच्या मळ्यांत काम करणारे लोकही तेच म्हणतात. काळा ठिपका दिसतो तो चाव्याच्या जागी कातडीत साकळलेल्या रक्ताचा, तो बरेच दिवस राहतो. त्रास होतो तो खाजेचा आणि खाजवून खाजवून पिकण्याचा. नखं कापलेली ठेवायची, जागा साबणाने धुवायची, थंड पाण्याची पट्टी, आणि युनिटच्या डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी. नवीन गेलेल्या माणसाला एकदम खूप चावे बसले तर ताप, डोकेदुखी, मळमळ, काखेत किंवा जांघेत गाठी असं होऊ शकतं, घाबरायचं नाही पण डॉक्टरला दाखवायचं. श्वासाला त्रास किंवा तोंडावर सूज आली तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही.

अंगाला लावायचं क्रीम वापरायला सांगा, डीट असलेलं किंवा डेपा असलेलं. डेपा आपल्याच ग्वाल्हेरच्या डीआरडीई प्रयोगशाळेने तयार केलेलं आहे. घामाने ते उतरतं, म्हणून परत परत लावावं लागतं, लोक सकाळी एकदा चोपडतात आणि मग क्रीमला नावं ठेवतात. बाह्या खाली, मोजे वर, आणि सकाळी व संध्याकाळच्या आधी जास्त सांभाळायचं कारण या माश्या दिवसाच्या आहेत, अंधार पडला की चावत नाहीत.

प्रश्न: मी एमएस्सी झूलॉजी करतेय. प्रोजेक्टसाठी सह्याद्रीतल्या ओढ्यांमधल्या ब्लॅकफ्लाय घ्यायचा विचार आहे पण गाईड मॅडम म्हणाल्या सगळ्या सारख्याच दिसतात, आयडेंटिफिकेशन जमणार नाही. खरंच इतकं अवघड आहे का?
वाचक, कोल्हापूर

उत्तर: मॅडम निम्म्या बरोबर आहेत. उडणारी मादी पकडून जात सांगायची म्हटलं तर भल्याभल्यांची दांडी उडते. पण तू मादीपासून सुरुवात करूच नकोस, कोशापासून कर. अळी मोठी झाली की प्रवाहातच दगडावर किंवा पानावर चपलेसारखा कोश विणते आणि त्याच्या तोंडातून कल्ल्यांचे धागे बाहेर आलेले असतात. हे धागे किती, कसे फुटलेत, लांब की आखूड, यावर जाती बऱ्याच वेगळ्या करता येतात. काही जातींत दोनच, बऱ्याच जातींत चार, सहा, आठ, आणि काहींत शंभराहून जास्त. पूर्ण वाढलेल्या अळीच्या छातीच्या बाजूला एक गडद डाग दिसतो, तो म्हणजे आत गुंडाळून ठेवलेले हेच धागे, सुईने हळूच सोडवले तर अळीवरूनही मोजता येतात.

फील्डवर एक काम न चुकता करायचं, ते केलं नाही तर अर्धा डेटा वाया जातो. गडद झालेले कोश एकेक वेगळ्या ट्यूबमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ठेवायचे आणि थांबायचं. माशी बाहेर आली की तिला थोडं कडक होऊ द्यायचं आणि मग ती आणि तिची रिकामी कोशाची साल दोन्ही एकाच ट्यूबमध्ये 80 टक्के अल्कोहोलमध्ये, एकाच नंबरखाली. म्हणजे मादी, नर आणि कोश यांची जोडी पक्की लागते. ओढ्यात मात्र ती वेगळ्याच थाटात बाहेर येते, कोशात हवेचा बुडबुडा जमतो आणि त्यात बसून थेट पृष्ठभागावर, पंखही न भिजता. कधी काठावर बसून हे बघायला मिळालं तर बघच.

एवढं करूनही काही जाती दिसायला हुबेहूब आणि आतून वेगळ्या निघतात. त्यासाठी अळीच्या रेशीमग्रंथींमधली अवाढव्य गुणसूत्रं बघतात, त्यावर पट्टे असतात, पट्ट्यांचा एखादा तुकडा उलटा बसलेला दिसला की दोन जाती वेगळ्या असल्याचा सुगावा लागतो. टोरंटोच्या क्लाउस रॉथफेल्स यांनी 1950 च्या दशकापासून या कामाचा पाया घातला. आफ्रिकेतली सिम्युलियम डॅम्नोसम ही एकच माशी समजली जायची, गुणसूत्रं बघता बघता तिची साठच्या आसपास वेगवेगळी रूपं निघाली. तुला हे करायचं असेल तर काही अळ्या साध्या अल्कोहोलमध्ये न टाकता तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिडमध्ये टाक, नाहीतर नंतर गुणसूत्रं मिळणार नाहीत. आता डीएनए बारकोडिंगही करतात, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखतात, पण जवळच्या जातींत बारकोड कधीकधी गोंधळ घालतो, म्हणून नुसत्या बारकोडवर विसंबू नकोस.

सह्याद्रीचं म्हणशील तर दक्षिणेकडे, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, जास्त काम झालेलं आहे. आय. एम. पुरी यांनी 1930 च्या दशकात भारतीय सिम्युलिडींवर सलग लेख लिहिले, ते शोधून वाचच, चित्रं उत्तम आहेत. आपल्याकडे बहुतेक ओढे पावसाळी, त्यामुळे भर पावसात पूर सगळं धुऊन नेतो आणि उन्हाळ्यात पाणीच नसतं. पावसाळा ओसरल्यापासून पाणी आटेपर्यंतचा काळ तुझा. डोहात वेळ घालवू नकोस, जिथे पाणी खळाळतंय तिथली लोंबती पानं, गवताची पाती, काटक्या, दगडाची वरची बाजू बघ. राखीव जंगलात जाणार असशील तर वनखात्याची परवानगी आधी काढ, त्याला वेळ लागतो.

आणि दगड-पानांवरच अडकू नकोस. पूर्व आफ्रिकेत सिम्युलियम निव्ही नावाची माशी माणसांना चावायची, आजार पसरवायची, आणि तिच्या अळ्या ओढ्यात कुठेच सापडत नव्हत्या. शेवटी 1950 च्या सुमारास केनियात कळलं की त्या अळ्या आणि कोश गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाठीवर चिकटून राहतात. माणसं दगड उलटत बसली होती आणि अळ्या खेकड्यावर बसून फिरत होत्या!

प्रश्न: एवढी चर्चा कशाला? ओढ्यात औषध टाका, सगळ्या मारून टाका, विषय संपला. सरकारला कळत नाही का?
वाचक, नागपूर

उत्तर: दादा, हे जगात एकदा खूप मोठ्या प्रमाणावर करून झालंय, पश्चिम आफ्रिकेत. 1974 ला जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांनी मिळून कार्यक्रम सुरू केला, हेलिकॉप्टरने नद्यांमध्ये अळ्या मारायचं औषध टाकायचा. ऐन भरात अकरा देशांमधल्या सुमारे 50,000 किलोमीटर नद्यांवर हे चालू होतं, आणि तेही दर आठवड्याला, कारण गरम पाण्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोनच आठवडे लागतात, पंधरा दिवस औषध चुकलं की नवीन पिढी हवेत. हे 2002 पर्यंत चाललं. फायदा झाला, नदीकाठची सुमारे अडीच कोटी हेक्टर सुपीक जमीन, जी आंधळेपणाच्या भीतीने लोकांनी सोडून दिली होती, ती परत वस्तीला आणि शेतीला मिळाली. तेव्हा औषध टाकू नये असं मी म्हणत नाही.

पण तिथेही कुठली माशी आहे हे कळल्याशिवाय भागलं नाही. डॅम्नोसम गटातल्या मोकळ्या गवताळ प्रदेशातल्या जाती वेगळ्या आणि पावसाळी जंगलातल्या वेगळ्या. सिम्युलियम याहेन्स सावलीतल्या छोट्या जंगली ओढ्यांत, सिम्युलियम सँक्टिपॉली जंगलातल्या मोठ्या नद्यांत. आंधळेपण जास्त गवताळ भागात, जंगलात डोळ्यांपेक्षा कातडीचा त्रास जास्त. मोठ्या नदीत हेलिकॉप्टरने औषध सोडता येतं, पण झाडांच्या छताखालच्या शेकडो ओहोळांत ते कसं टाकणार? टेमेफॉस या औषधाला पहिला प्रतिकार दिसला तो 1980 मध्ये, आयव्हरी कोस्टमधल्या बंडामा नदीच्या खालच्या भागात, आणि तो जंगलातल्याच जातींमध्ये. मग औषधं आलटून पालटून वापरावी लागली, त्यात बीटीआय नावाचं जिवाणूपासून केलेलंही आलं. त्यातून साफ केलेल्या नदीवर 400-500 किलोमीटरवरून वाऱ्याबरोबर नवीन माद्या येऊन बसायच्या. समूळ नायनाट जमला तो बिओकोसारख्या बेटावर, तिथली जात 2005 मध्ये संपली, कारण बाहेरून येणारं कुणी नव्हतं.

आता भर गोळीवर आहे, आयव्हरमेक्टिन. 1987 पासून मर्क कंपनी या आजारासाठी ती फुकट देतेय, आणि ते औषध शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. गोळी पिल्लं मारते, मोठा जंत मारत नाही आणि तो दहा-पंधरा वर्षं जगतो, म्हणून वर्षानुवर्षं देत राहावी लागते. कोलंबिया 2013 मध्ये या आजारातून मुक्त झालेला पहिला देश, आफ्रिकेतला पहिला नायजर, जानेवारी 2025 मध्ये. माशी दोन्हीकडे आहेच, जंत संपला.

आणि आपल्याकडे जिथे तो आजारच नाही तिथे चार जातींनी पोटऱ्यांना चावलं म्हणून ओढ्यातल्या सगळ्याच अळ्या मारायच्या? त्या पाण्यातला अगदी बारीक गाळ गाळून खातात आणि त्यांची विष्ठा खालच्या किड्यांना खायला होते, आणि अळ्या स्वतः माशांच्या पोटात जातात. माझं मत विचाराल तर नको.

प्रश्न: पुढच्या महिन्यात मेघालयला जातोय, ओढ्यांमधून ट्रेक आहे. डासांची कॉइल नेली तर चालेल का?
वाचक, ठाणे

उत्तर: कॉइल होमस्टेच्या खोलीत डासांसाठी लावा. या माश्या सहसा घरात येत नाहीत आणि रात्री चावत नाहीत, त्यामुळे कॉइलचा इथे उपयोग शून्य. फिक्या रंगाची फुलपँट आणि फुलशर्ट घाला, काळ्या आणि गडद निळ्या रंगावर त्या जास्त येतात. क्रीम कानामागे आणि मानेवर लावायला बहुतेक लोक विसरतात, तिथे लावा. चालताना फार चावत नाहीत, पण तुम्ही जेवायला खळाळत्या पाण्याच्या शेजारीच बसणार हे मला माहीत आहे, तेव्हा निदान मोजे पँटच्या वर ओढून बसा.